निकाल लागेपर्यंत छप्पर कोणी द्यायचे?

आयर्लंडची राजधानी डब्लिन. तेथील माउंट स्ट्रीट या रस्त्यावर एक सरकारी कार्यालय आहे. मायदेशी जिवाला धोका आहे म्हणून जो माणूस आयर्लंडमध्ये पोहोचतो आणि 'मला आश्रय द्या' अशी विनंती करतो, त्याचा अर्ज तेथे घेतला जातो. २०२३च्या सुरुवातीला काही काळ, आणि पुन्हा त्याच वर्षीच्या डिसेंबरपासून, एकट्याने आलेल्या पुरुषांचे अर्ज तेवढे घेतले जात. राहायला जागा मात्र दिली जात नसे. जागा झाली की कळवू, एवढेच त्यांना सांगण्यात येई. मग त्या माणसांनी कार्यालयाच्या भिंतीला लागूनच तंबू ठोकले. पाऊस, थंडी, जवळपास शौचालय नाही, अशा स्थितीत तिथे एक वस्तीच उभी राहिली. १ मे २०२४ रोजी सरकारने अडीचशेहून अधिक जणांना बसमध्ये बसवून शहराबाहेर नेले आणि रस्ता मोकळा केला. थोड्याच दिवसांत नव्याने आलेल्यांचे तंबू ग्रँड कॅनॉल या कालव्याच्या काठी दिसू लागले. तेथूनही त्यांना उठवले आणि काठाला लोखंडी कुंपण घातले.

रविवारच्या आपल्या पत्रकात ही सातासमुद्रापलीकडची गोष्ट कशाला, असे कोणी विचारील. एक कारण असे की, आयर्लंड हा आपल्याच श्रद्धेचा, जगभर मिशनरी पाठवणारा देश. दुसरे, हजारो भारतीय परिचारिका आज तेथील रुग्णालयांत सेवा करीत आहेत. आणि तिसरे कारण असे की, या तंबूवाल्यांपैकी ज्या दोघांचा खटला युरोपच्या सर्वोच्च न्यायपीठापर्यंत गेला, त्यातला एक अफगाण होता आणि दुसरा भारतीय.

या दोघांना आश्रयाचा अर्ज केल्यावर प्रत्येकी २५ युरोचे एक कुपन देण्यात आले. बस्स, एवढेच. पुढचे कित्येक आठवडे त्यांनी रस्त्यावर काढले. पोटभर अन्न नाही, अंघोळीची सोय नाही, रात्री कोण येऊन मारहाण करील याची भीती. त्यांनी नुकसानभरपाई मागितली तेव्हा सरकारने चूक नाकारली नाही. आपण नियमाप्रमाणे वागलो नाही हे मान्य करून सरकारने म्हटले की, युक्रेनच्या युद्धानंतर एवढे लोक एकदम आले की जागाच उरली नाही. हे संकट आमच्या हाताबाहेरचे होते. लक्झेंबर्ग येथील युरोपीय न्यायालयाने १ ऑगस्ट २०२५ रोजी हा बचाव फेटाळला. निवासकेंद्रे भरली असतील तर बाहेर भाड्याने राहण्यासाठी पैसे देता आले असते, कुपने देता आली असती. अनपेक्षित गर्दी झाली म्हणून माणसाच्या किमान गरजांची जबाबदारी झटकता येत नाही, असा त्या निकालाचा आशय आहे.

कायद्याचे उत्तर हे असे आहे. नैतिक उत्तर शोधताना मात्र थोडे खोलात जावे लागते, कारण इथे एक खरी अडचण आहे. आश्रय मागणारा माणूस अजून निर्वासित ठरलेला नसतो. त्याची हकिकत खरी असेल, खोटीही असेल. ते ठरायला महिने लागतात, कधी वर्षे. ज्याचा हक्क अजून सिद्धच झालेला नाही, त्याला त्या देशातील करदात्यांच्या पैशाने घर का द्यायचे? हा प्रश्न विचारणारा प्रत्येकजण कठोर मनाचाच असतो असे नाही.

जुन्या करारात या अडचणीचा विचार झालेला आहे. यहोशवाच्या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात सहा शरणपुरांची व्यवस्था सांगितली आहे. तीन यार्देनेच्या एका बाजूला, तीन दुसऱ्या बाजूला. एखाद्याच्या हातून नकळत मनुष्यहत्या झाली आणि सूड घेणारा त्याच्या मागे लागला, तर त्याने शरणपुराच्या वेशीशी जाऊन वडीलधाऱ्यांपुढे आपली बाजू मांडायची. मग वडीलधाऱ्यांनी काय करायचे? आधी त्याला गावात घ्यायचे, राहायला जागा द्यायची. मंडळीपुढे त्याचा न्याय व्हायचा तो नंतर. न्यायात तो जाणूनबुजून खून करणारा ठरला तर त्याला संरक्षण नाही. म्हणजे जागा दिली याचा अर्थ त्याचे म्हणणे खरे मानले असा होत नाही. जागा न दिली तर न्याय होण्याआधीच सूड घेणारा त्याला गाठील आणि मग निवाडा करायला कोणी उरणारच नाही, एवढी साधी समजूत या नियमामागे आहे. आणखी दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. ही सोय इस्राएल लोकांबरोबरच त्यांच्यात राहणाऱ्या परक्यांसाठीही होती. आणि ती कोण्या दयाळू गृहस्थाच्या मर्जीवर सोडलेली नव्हती. ती गावाची ठरवून दिलेली जबाबदारी होती.

सरकारवर ही जबाबदारी येते याचे दुसरे कारण अधिक व्यवहारी आहे. आश्रय मागणाऱ्याचे हात सरकारनेच बांधलेले असतात. २०१७पर्यंत आयर्लंडमध्ये अशा माणसाला अर्जाचा निकाल लागेपर्यंत कोणतीही नोकरी करायला पूर्ण मनाई होती. ब्रह्मदेशातून आलेला एक माणूस २००८पासून आठ वर्षे सरकारी निवासकेंद्रात राहिला. त्याच केंद्रात त्याला काम मिळत होते, पण कायद्याने ते घेता येईना. अखेर मे २०१७मध्ये आयर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, मुदत न ठरवता कायमची कामबंदी घालणे राज्यघटनेला धरून नाही. २०१८मध्ये नियम बदलले आणि पुढे २०२१मध्ये ही प्रतीक्षा सहा महिन्यांवर आणली. पण त्या पहिल्या महिन्यांत माणसाने काय खावे, कुठे झोपावे? तू थांब, असे सरकार सांगते. काम करू नकोस, असेही सरकारच सांगते. मग त्या थांबण्याचा खर्च सरकारने उचलला तर ते उपकार करत नाही.

इथे आपल्यासारख्या चर्चमध्ये जाणाऱ्या माणसांनी जरा सावध राहायला हवे, असे मला वाटते. २०२३च्या एप्रिलमध्ये डब्लिनच्या उच्च न्यायालयात आणखी एक प्रकरण निकाली निघाले. अफगाणिस्तानातून आलेल्या आणि आपण अल्पवयीन असल्याचे सांगणाऱ्या एका मुलाला २८ युरोचे दुकानाचे कुपन आणि धर्मादाय संस्थांचे पत्ते देऊन सरकारने वाटेला लावले होते. कुपन आणि संस्थांचे पत्ते हातात दिले म्हणजे सरकारचे कर्तव्य पुरे झाले असे मुळीच नाही, असे न्यायाधीशांनी सुनावले आणि मानवी प्रतिष्ठेच्या हक्काचा भंग झाल्याचे ठरवले.

धर्मादाय संस्थांचे पत्ते! त्या शहरात अशा संस्था कोणत्या, हे आपण ओळखतो. १९६९मध्ये कपुचिन बंधू केविन क्रौली यांनी सुरू केलेले बो स्ट्रीटवरील अन्नछत्र तेथे आजही चालते. पोप फ्रान्सिस २०१८च्या आयर्लंड भेटीत मुद्दाम तिथे गेले होते. ब्रदर केविन २०२५मध्ये वारले. दारात आलेल्या कोणालाही तिथे 'तू कोण, कुठला' असे विचारत नाहीत. आपल्या धर्मग्रामातील सेंट व्हिन्सेंट डी पॉल संघटनेचे सभासदही असेच गुपचूप कोणाची फी भरतात, कोणाचे औषध आणतात. हे काम मोलाचेच आहे. पण जे काम आपण प्रेमापोटी करतो ते सरकारच्या हिशेबात 'व्यवस्था आहे' म्हणून धरले जाऊ लागले, तर तो त्या प्रेमाचा गैरवापर होय. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५मध्ये प्रापंचिकांच्या प्रेषितकार्यावरील आदेशात हाच इशारा दिला आहे: न्यायाने जे देणे लागते ते दान म्हणून देऊ नये. आधी देणे फेडावे, मग दान करावे.

हा केवळ शब्दांचा खेळ नाही. दान देणाऱ्याला निवड करता येते. आज शंभर जणांना पुरेल एवढाच भात शिजला तर एकशेएकाव्याला हात जोडून परत पाठवावे लागते, आणि त्यात पाप नाही. स्वयंसेवकाला घरी आजारपण असेल तर तो येणार नाही. दानाची मागणी करता येत नाही, त्यासाठी कोर्टात जाता येत नाही. पण रात्री झोपायला जागा ही रोजची गरज आहे. ती कोणाला सवड असली तर मिळावी, नसली तर न मिळावी, असे चालत नाही. सप्टेंबर २०१५मध्ये पोप फ्रान्सिस यांनी युरोपातील प्रत्येक धर्मग्रामाने एकेका निर्वासित कुटुंबाला घ्यावे असे आवाहन केले. अनेकांनी ते मनावर घेतले. पण प्रत्येक चर्चने एक कुटुंब घेतले तरी उरलेल्यांचे काय, हे विचारण्याचे ठिकाण चर्चचे कार्यालय नव्हे.

आता सर्वांत कठीण आक्षेप. आयर्लंडमध्ये घरांची भयंकर टंचाई आहे. जानेवारी २०२५मध्ये तेथे १५ हजारांहून अधिक बेघर माणसे सरकारी तात्पुरत्या निवाऱ्यांत राहत होती, त्यांत चार हजारांहून अधिक मुले होती. लग्नाच्या वयाची, चांगल्या पगाराची मुले आईवडिलांच्या घरातच राहतात, कारण भाडे परवडत नाही. (मुंबईच्या आसपास राहणाऱ्या आपल्याला हे वेगळे समजावून सांगायला नको.) अशा देशातली एखादी आई म्हणते की माझ्या लेकरांना आधी घर द्या, परदेशी माणसाचे नंतर बघा. तिला आपण काय सांगणार? 'परक्यावर प्रीती करा' असे वचन तिच्या तोंडावर फेकणे मला तरी जमणार नाही. तिची तक्रार खरी आहे.

फक्त ती चुकीच्या माणसाकडे बोट दाखवते आहे. २००८च्या आर्थिक कोसळणीनंतर आयर्लंडमधील घरबांधणी जवळजवळ थांबली आणि पुढे कित्येक वर्षे ती सावरली नाही. ही टंचाई तंबूत झोपणाऱ्या अफगाणाने आणलेली नाही. एकाच सावकाराकडून दोन जणांचे येणे असेल आणि तो दोघांनाही टोलवत असेल, तर त्या दोघांनी एकमेकांच्या गळ्याला धरून काय मिळणार? उलट, यात भलत्याचेच फावते. आश्रयार्थींच्या निवासाची बहुतेक व्यवस्था आयरिश सरकारने खासगी मालकांकडे कंत्राटाने दिली. तीस हजारांच्या वर माणसे अशा जागांत राहतात आणि २०२४मध्ये त्यावर सुमारे १ अब्ज युरो खर्च झाला. स्वतःच्या मालकीच्या इमारती बांधल्या असत्या तर त्या पुढे कोणाच्याही उपयोगी पडल्या असत्या. दोन मांजरांच्या भांडणात लोण्याचा गोळा माकडाने खाल्ला, ती गोष्ट आपण शाळेत वाचलेली आहे.

कामाची पद्धतही अशी की राग वाढावाच. छोट्या गावातले एकुलते एक हॉटेल एका रात्रीत आश्रयार्थींसाठी घेतले जाई. गावकऱ्यांना कळे ते बातम्यांतून. लग्नसमारंभाची जागा गेली, पर्यटक येईनात, गावात डॉक्टर एकच. कोणी विश्वासात घेतले नाही. मग अफवा आल्या आणि अफवांमागून पेट्रोल आले. डिसेंबर २०२३मध्ये गॉलवे परगण्यातील रॉसकाहिल येथे असे एक रिकामे हॉटेल जाळण्यात आले. तिथे आश्रयार्थी यायचे होते, अजून आलेही नव्हते. आणि रस्त्यावरचा राग कागदपत्रे तपासत नाही. जुलै २०२५मध्ये डब्लिनच्या टाला उपनगरात, नोकरीसाठी काही आठवड्यांपूर्वीच आलेल्या एका भारतीय माणसाला जमावाने रक्तबंबाळ केले. तो आश्रय मागणारा नव्हताच. त्यानंतरही हल्ले होत राहिले आणि १ ऑगस्टला भारतीय दूतावासाने आपल्या लोकांना सावधगिरीची सूचना दिली. न्यायालयाचा तो निकाल आला, त्याच दिवशी. सरकारने आपले काम नीट केले नाही की त्याची किंमत कोणाकोणाला मोजावी लागते, हे यावरून दिसते. ज्यांच्या लेकी तिकडे रात्रपाळी करून एकट्या घरी परततात, त्या आईवडिलांना हे अधिक सांगायला नको.

छप्पर मिळाले की प्रश्न सुटला, असेही नाही. आयर्लंडमध्ये सन २०००पासून आश्रयार्थींना रोख रकमेऐवजी थेट निवास आणि जेवण देण्याची पद्धत आली. सहा महिन्यांची सोय म्हणून ती सांगितली गेली. माणसे तिथे पाच-पाच, आठ-आठ वर्षे राहिली. मीथ परगण्यातील मॉस्नी येथील जुने सुट्टीचे शिबिर हे त्यातले एक प्रसिद्ध केंद्र. प्रौढ माणसाला आठवड्याला १९ युरो १० सेंट हातखर्चाला मिळत. ही रक्कम २०१७पर्यंत वाढलीच नाही. बऱ्याच केंद्रांत स्वयंपाक करायला परवानगी नव्हती. ठरल्या वेळी भोजनगृहात रांगेत उभे राहायचे आणि पुढ्यात येईल ते खायचे. आईला चुलीशी कधी पाहिलेच नाही अशी मुले तिथे मोठी झाली. उपाशी कोणी नव्हते, हे खरे. पण मुलाला भूक लागली तर दोन घास करून घालण्याचा अधिकार ज्या आईला नाही, तिच्या डोक्यावरच्या त्या छपराला घर म्हणवत नाही. २०२१मध्ये सरकारने ही पद्धत २०२४अखेर बंद करण्याचे जाहीर केले. पुढच्याच वर्षी युक्रेनमधून लोक येऊ लागले, एक लाखाच्या आसपास, आणि ते वचन बाजूला पडले. युक्रेनवासीयांना मात्र पहिल्या दिवसापासून कामाची मुभा होती. दोघांच्याही घरावर बॉम्बच पडलेले. पण एकाला एक रांग, दुसऱ्याला दुसरी. याचे समाधानकारक उत्तर मला कुठे मिळाले नाही.

यापेक्षा बरे काही शक्य असते का? आपल्याच मातीत ते झालेले आहे. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत रशियाने हद्दपार केलेले पोलंडचे लोक सुटका झाल्यावर इराणमार्गे भारतात आले. त्यांच्यासाठी १९४३मध्ये कोल्हापूरजवळ वळिवडे येथे वसाहत उभी राहिली. सुमारे पाच हजार माणसे, बहुतेक स्त्रिया, मुले आणि म्हातारी माणसे. जवळजवळ सारी कॅथोलिक. बराकी साध्या होत्या, पण प्रत्येक कुटुंबाला आपली खोली आणि आपली चूल होती. शाळा होत्या, चर्च होते. खर्चाचा मोठा भार लंडनमधील निर्वासित पोलिश सरकारने उचलला आणि व्यवस्था तेव्हाच्या हिंदुस्थान सरकारने केली. पैसे कोणी द्यायचे यावर सरकारांमध्ये पत्रापत्री झाली असेलच. पण ती संपेपर्यंत त्या बायामुलांना पंचगंगेच्या काठी उघड्यावर झोपावे लागले नाही. १९४८पर्यंत ते पांगले. मग त्याच ठिकाणी फाळणीत घर गमावलेली सिंधी कुटुंबे आली. कापडाच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेले आजचे गांधीनगर ते हेच. वॉर्सामध्ये कोल्हापूरच्या नावाचे स्मारक आहे. ऑगस्ट २०२४मध्ये पंतप्रधान मोदी यांनी तेथे आदरांजली वाहिली. त्या वेळची परिस्थिती वेगळी होती, हे मान्य. पोलंड युद्धातला मित्रदेश होता आणि येणारी माणसे कोण हे आधीच ठाऊक होते. आणि हेही खरे की भारताने १९५१च्या निर्वासितविषयक करारावर आजवर सही केलेली नाही, आपल्याकडे त्यासाठी वेगळा कायदाही नाही. कोणाला घ्यायचे आणि कसे ठेवायचे हे दर वेळी त्या त्या सरकारच्या मर्जीवर असते. तेव्हा आयर्लंडला शिकवण्याच्या भरात आपण फार ताठ मानेने बोलू नये.

राहता राहिला तो नकार मिळालेला माणूस. ज्याचा अर्ज नीट ऐकून, अपील ऐकून नामंजूर झाला, त्याला परत पाठवण्याचा अधिकार राज्याला आहे. ख्रिस्तसभेची शिकवणही संपन्न राष्ट्रांनी कुवतीनुसार परक्याला सामावून घ्यावे असे सांगताना, त्यासाठी अटी घालण्याचा शासनाचा अधिकार मान्य करते. शरणपुरातूनही खुन्याला बाहेर काढत असत. पण हा अधिकार वेळेवर वापरायला हवा. आठ वर्षे निर्णयच दिला नाही, तोवर मुले तिथल्या शाळेत शिकली, तिथल्या बोलीत भांडू लागली, पहिला कम्युनियन तिथल्या चर्चमध्ये झाला. आणि मग सांगायचे की तुमची हकिकत पटली नाही, आता निघा. दिरंगाई सरकारची आणि शिक्षा मुलांना. आयर्लंडच्या सरकारला हे कळले असावे, कारण २०२२च्या फेब्रुवारीत त्याने एक योजना काढली: ज्यांचा आश्रयाचा अर्ज दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ पडून आहे, त्यांना हकिकतीचा निवाडा होण्याची वाट न पाहता देशात राहण्याची परवानगी मागता येईल.